पिसाळांची साय

“खुर्ची नको, मी इथंच बसते,” असं म्हणून डॉक्टर केतकी उपासनी आमच्या सोडा फॅक्टरीत एका पालथ्या क्रेटवर बसल्या, तेव्हा माझ्या आईला फारच अवघडल्यासारखं झालं. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलातून एवढी शिकलेली बाई कऱ्हाडला आपल्या दारात येते आणि बाटल्यांच्या खोक्यावर बसते, हे काही तिला पटेना. आतली गादीची खुर्ची आणायला सांग, असं तिनं मला डोळ्यांनी खुणावलं. सांग म्हणजे माझ्या बहिणीला, ताईला सांग. मी स्वतः उचलून आणावी असं तिच्या मनातही आलं नाही, आणि माझ्याही आलं नाही.

फॅक्टरी हा शब्द आमच्या पाटीवर होता. प्रत्यक्षात ती घरापुढची लांबट पडवी होती. एका कोपऱ्यात हातानं चाक फिरवायचं सोड्याचं यंत्र, त्याला जोडलेलं गॅसचं सिलिंडर, बाटल्या धुवायचा सिमेंटचा हौद आणि भिंतीला लागून लाकडी क्रेट. गोटीच्या बाटल्यांचा धंदा तेव्हा उतरणीला लागला होता, पण एस्टी स्टँडसमोरच्या गाड्यांवर आणि कृष्णाकाठच्या जत्रेत पिसाळांचाच सोडा लागायचा. बाटली उघडताना गोटी आत पडते तो ‘टॉक्’ असा आवाज माझ्या लहानपणाचा आवाज आहे. अजूनही कुठं ऐकला, की मी वळून बघतो.

डॉक्टर आल्या होत्या माझ्या चुलत्यांमुळं. ज्ञानदेवतात्यांच्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन त्यांच्याच हॉस्पिटलात झालं होतं. तिथं तात्यांच्या रक्तातून काहीतरी दोष सापडला, आणि तो घराण्यातून आलेला आहे असं डॉक्टरांचं म्हणणं होतं. घरातल्या बाकीच्यांना मुंबईला बोलावून कुणी गेलं नाही, तेव्हा त्या स्वतःच रक्त घ्यायला निघून आल्या.

दोष घराण्यातला आहे हे सांगायला खरं म्हणजे मुंबईहून कुणी यायची गरज नव्हती. पिसाळांच्या पुरुषांना पन्नाशी लाभत नाही, हे आमच्या पेठेत सगळ्यांना ठाऊक होतं. पणजोबा पोटाच्या दुखण्यानं गेले, आजोबा गेले, आणि मी चौथीत असताना माझे वडील, आमचे दादा, त्याच वाटेनं गेले. कुणी म्हणायचं सोड्याच्या गॅसनं होतं, कुणी म्हणायचं कुणाचा तरी तळतळाट आहे. कारण सापडत नव्हतं म्हणून आमच्या घरातल्या बायकांनी आपल्यापुरता एक मार्ग काढला होता. पुरुषाला जेवढं आयुष्य मिळेल तेवढं त्यानं लाडात काढायचं.

हे लाड म्हणजे काय, ते बाहेरच्याला सांगून पटणार नाही. पिसाळांच्या घरात पुरुषानं जड उचलायचं नाही. त्याला कुणी रागवायचं नाही. त्याला कुस्त्यांच्या फडाला जायचंय, जाऊ दे. पेटी शिकायचीय, शिकू दे. तात्यांनी तर एकदा पारवे पाळले होते, आणि त्यांची घाण काकू मुकाट्यानं काढत होती. बाटल्या धुणं, चाक फिरवणं, क्रेट गाडीवर चढवणं ही सगळी बायकांची कामं. बाहेरगावचा माणूस आमच्या पडवीत आला, की आधी गोंधळायचा. दंडात बेटकुळ्या असलेल्या बायका क्रेट वाहतायत आणि गोरेगोमटे पुरुष ओट्यावर बसून गप्पा मारतायत, असं दृश्य त्याला दुसरीकडं कुठं बघायला मिळायचं नाही.

आणि साय. रोज संध्याकाळी तापवलेल्या दुधावरची जाड साय काशाच्या वाटीत निघायची, वर चिमूटभर साखर पडायची, आणि ती वाटी घरातल्या पुरुषापुढं यायची. वाटी दादांची होती. दादा गेल्याच्या तेराव्या दिवशी संध्याकाळी ती माझ्यापुढं आली. माझं नाव आजोबांचं, हणमंत. सासऱ्याचं नाव कसं घ्यायचं म्हणून आई मला बापू म्हणायची. “बापू, खा बाबा,” एवढंच म्हणायची आणि मी संपवेपर्यंत समोर बसून राहायची.

माझी बहीण शालन माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. लहानपणी एकदा तिनं आईला विचारलं होतं, “मला का नाही साय?”

आई चुलीशी काहीतरी ढवळत होती. मागं न बघताच म्हणाली, “तुला काय घाई हाय? तुला म्हातारी व्हायाचंय. लय वर्सं पडल्यात तुला खायाला.”

ताईनं पुन्हा कधी विचारलं नाही. मात्र त्या दिवसापासून ती मला ‘संस्थानिक’ म्हणायला लागली. “संस्थानिक उठले का? संस्थानिकांचा चहा झाला का?” दादा गेल्यावर शाळा सोडून तिनं यंत्राचं चाक हातात घेतलं. पुढं एस्टीच्या वर्कशॉपमधल्या मेकॅनिकशी तिचं लग्न झालं आणि ती दोन गल्ल्या पलीकडं राहायला गेली. तरी रोज दुपारी भांडीकुंडी आवरून, लहानग्या लेकीला, तेजूला, कडेवर घेऊन ती पडवीत हजर व्हायची. मला तिचा राग आला असं कधी झालं नाही. तिलाही माझा आला नसावा. मी मरणार आहे, असं तिला वाटत होतं ना.

तर डॉक्टर पालथ्या क्रेटवर बसल्या होत्या. खुर्ची ताईनं आणली, तिच्यावर शेवटी तात्या बसले.

“तात्या, मला घरातली सगळी माणसं सांगा,” डॉक्टर म्हणाल्या. “हयात आहेत ती, गेली ती, सगळी. रक्ताची.”

तात्या धडाधड नावं सांगायला लागले आणि डॉक्टर कागदावर चौकोन काढत गेल्या. तात्यांनी मान वाकडी करून बघितलं. आईनंही बघितलं. दोघांच्याही चेहऱ्यावर काही उमटेना.

“मॅडम, असं नाही कळायचं त्यांना,” ताई म्हणाली. “थांबा.”

तिनं खणाखणांचा एक रिकामा क्रेट ओढून मधोमध ठेवला. एका बाजूनं साध्या सोड्याच्या भरलेल्या बाटल्या आणल्या, दुसऱ्या बाजूनं ऑरेंजच्या. “साधा सोडा म्हणजे पुरुष. ऑरेंज म्हणजे बायका. ज्याला आजार झाला त्याची गोटी पाडायची. चालंल?”

डॉक्टरांनी तिच्याकडं जरा टक लावून बघितलं आणि कागद बाजूला ठेवला. “चालेल. उत्तम चालेल.”

वरच्या खणात पणजोबांची बाटली उभी राहिली. ताईनं अंगठा दाबला, टॉक्. त्याच्या खाली आजोबा हणमंतराव, टॉक्. त्याच्या खाली दादा आणि तात्या शेजारी शेजारी. दादांच्या बाटलीवर अंगठा ठेवून ती क्षणभर थांबली, मग तीही उघडली. फेस वर आला आणि खाली बसला.

“माझी अर्धीच पाड,” तात्या म्हणाले. “मी अजून हाय.”

“गोटी अर्धी पडत नसती, तात्या.”

“मग पाड बाई. काय करतीस.”

तात्यांना मूलबाळ नव्हतं. सगळ्यांत खाली माझी एकच भरलेली बाटली उभी राहिली. तिच्या गळ्याशी गोटी घट्ट बसलेली होती. आई त्या बाटलीकडं बघत होती. रहिमतपूरच्या पाहुण्यांनी त्याच महिन्यात मुलगी दाखवली होती, सुजाता मला आवडली होती, आणि तिच्या वडिलांनी बोलणी थांबवून धरली होती. पिसाळांचं ऐकून ते बिचकले होते. रिपोर्ट चांगला आला तर पुढचं बघू, असा निरोप होता. पण आईच्या डोळ्यांत जे होतं ते लग्नापुरतं नव्हतं. माझा जीव राहतो की जातो, एवढंच ती त्या बाटलीत बघत होती.

“आता लेकी ठेवा,” डॉक्टर म्हणाल्या.

“बायकांचं काय न्हाई,” तात्या म्हणाले. “आमच्यात ह्यो आजार बायकांस्नी हुतच न्हाई. पुरसांचाच हाय.”

“तरी ठेवा. सुना नकोत, फक्त लेकी.”

“मंजी मी न्हाई व्हय ह्यात?” आई एकदम म्हणाली.

“तुम्ही नाही. तुमचं रक्त वेगळं.”

आईला ते लागलं असावं. सगळा जन्म ज्यांच्यापायी काढला त्यांच्या क्रेटमध्ये आपल्याला एक खणसुद्धा नाही, हे तिला नवीनच होतं. ती पदर सावरून जरा मागं सरकली.

ताईनं ऑरेंजच्या बाटल्या ठेवायला सुरुवात केली. आजोबांची बहीण गजराक्का. दादांची बहीण हौसाआत्या. आणि माझ्या बाटलीशेजारी ती स्वतः.

“हौसाआत्या कशानं गेल्या?” डॉक्टरांनी विचारलं.

आईनं तात्यांकडं बघितलं. तात्यांना त्या बघण्याचा अर्थ कळला आणि ते पान आणायला म्हणून उठून बाहेर गेले. मी उठलो नाही. माझ्यापुढं काही बोलताना कुणी कधी अडखळलं असेल तर ते माझ्या गावीही नसायचं.

“पिशवीचं झालं तिचं,” आई खालच्या आवाजात म्हणाली. “अंगावरनं लय जायाचं. सासरची मानसं म्हनायची, बाईच्या जातीला असतंयच. दवाखान्यात नेली तवा उशीर झालता.”

“वय?”

“गेली तवा आताच्या शालनपेक्षा थोडी मोठी.”

“आणि गजराक्का?”

“तिचंबी तसलंच ऐकलंय. आमचं लगीन व्हायच्या आधीची गोष्ट. पन त्ये वेगळं की, डॉक्टरीनबाई. पोटाचं न्हवं.”

डॉक्टर क्रेटकडं बघत राहिल्या. मग ताईला म्हणाल्या, “त्या दोन्ही बाटल्या उघडा.”

ताईनं दोन्ही गोट्या पाडल्या. ऑरेंजचा फेस तिच्या बोटांवरून खाली ओघळला. आता क्रेटमध्ये पांढऱ्या रांगेत उघड्या बाटल्या होत्या आणि केशरी रांगेतही होत्या. एकाच क्रेटमध्ये.

“वेगळं नाही ते,” डॉक्टर म्हणाल्या. “एकच आहे. आपल्या शरीरात रोज पेशी तयार होतात, आणि त्या तयार होताना ज्या चुका होतात त्या दुरुस्त करणारी एक व्यवस्था असते. तुमच्या घराण्यात त्या दुरुस्तीच्या व्यवस्थेतच खोट आहे. पुरुषांत ती बहुधा आतड्यात दिसते, आणि लवकर दिसते. बायकांत ती बऱ्याचदा गर्भाशयात आधी दिसते, आतड्यात जरा उशिरा. म्हणून तुम्हाला ते दोन आजार वाटले.”

“असं का पण? बायकांचं आतडं काय निराळं असतं?” ताईनं विचारलं.

“त्याचंच तर आम्ही काम करतोय. बायकांची हार्मोन्स आतड्याला काही वर्षं सांभाळून घेतात असं दिसतं. आणखी एक शंका आहे. बाईच्या प्रत्येक पेशीत एक्स नावाचं गुणसूत्र दोनदा असतं, पुरुषात एकदाच. त्याच्यावरच्या काही चांगल्या गोष्टी बाईला दोन मिळतात, एक बिघडली तर दुसरी असते. अजून पुरतं कुणालाच माहीत नाही.”

“म्हणजे बायकांना देवानं एक स्टेपनी दिलीय,” ताई म्हणाली. मेकॅनिकची बायको शोभली.

डॉक्टर हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. “पण तुमच्या घरातली ही खोट त्या एक्सवर नाही. ती बापाकडून लेकाला जितकी जाते, तितकीच लेकीला जाते. नाणं उडवल्यासारखं. आणि प्रत्येक मुलासाठी नाणं वेगळं उडतं. गजराक्कांच्या लेकी-नाती कुठं असतात?”

आईनं आठवून बघितलं. वाळव्याकडं कुठंतरी, असं म्हणाली. पुढं कुणाला काही सांगता येईना. लेक सासरी गेली की तिच्या पोटचं पिसाळ राहत नव्हतं, मग त्यांचं काय झालं हे विचारायला कोण जातंय. डॉक्टरांनी तेवढं मात्र कागदावर लिहून घेतलं.

मग त्यांनी बॅग उघडली. माझं रक्त घेतलं तेव्हा आईनं माझं डोकं आपल्या पोटाशी धरलं होतं. मी चोविशीत होतो आणि मला त्याची लाज वाटली नाही, इतकी सवय होती. डॉक्टरांनी दुसरी सुई काढली तशी आई म्हणाली, “तिचं कशाला आनि? ती दिलेली पोर. तिच्या घरच्यास्नी इचारावं लागंल.”

“विचारलंय त्यांना,” ताई म्हणाली आणि बाही वर करून दंड पुढं केला. चाक फिरवून फिरवून कमावलेला तो दंड बघून डॉक्टर म्हणाल्या, “शीर शोधायलाच नको.”

त्या गेल्यावर ताईनं क्रेट मोडला. उघडलेल्या बाटल्या ओतून टाकाव्यात तर तिनं हौसाआत्याची बाटली तोंडाला लावली. “आत्याची वाया कशाला घालवायची?” म्हणाली. गजराक्काची तिनं माझ्या हातात दिली. आम्ही दोघं ओट्यावर बसून पीत राहिलो. आई माझी भरलेली बाटली पदरानं पुसत होती. पुसून झाल्यावर तिनं ती देवाच्या फडताळात नेऊन ठेवली. शेजारची ऑरेंजची भरलेली बाटली ताईनं स्वतःच उचलून विकायच्या मालात परत ठेवली.

रिपोर्ट यायला बरेच आठवडे लागले. त्या दिवसांत साय दुप्पट झाली. आईनं शेजारच्या दूधवाल्याकडून म्हशीचं जास्तीचं दूध लावलं. मला रात्री झोप लागत नव्हती, पोटात जरा गुबारा धरला तरी दिवा लावून पोट चाचपत बसायचो. मला जगायचं होतं, सुजाताशी लग्न करायचं होतं, आणि इतके लाड झालेल्या माणसाला भीती एकट्यानं सोसायची कशी हे माहीत नसतं. मी ताईला सांगायचो. ती चाक फिरवता फिरवता ऐकायची. “होईल रे नीट,” म्हणायची. तिला भीती वाटते का, हे मी विचारलं नाही. ते मला सुचलंच नाही.

शेवटी बोलावणं आलं आणि आम्ही दोघं एस्टीनं मुंबईला गेलो. हॉस्पिटलच्या वरच्या मजल्यावर लांब बाकड्यावर बसलो. ताईनं डब्यात दशम्या आणल्या होत्या, पण कुणी डबा उघडला नाही. डॉक्टर बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “एकेकट्यानं या. ज्याचं त्यालाच सांगायचं असतं. आधी हणमंत.”

आत गेलो. त्यांनी प्रास्ताविक काही केलं नाही. “तुमच्यात ती खोट नाही,” म्हणाल्या. “बाकीच्या चार माणसांना जेवढा धोका, तेवढाच तुम्हाला. घराण्याचं तुमच्याकडं आलेलं नाही.”

मी रडलो. त्यांच्या टेबलावर डोकं ठेवून रडलो. त्यांनी पाणी दिलं. बाहेर आलो तेव्हा ताई उभीच होती. माझा चेहरा बघून तिला कळलं. तिनं माझ्या गालावरून हात फिरवून बोटं आपल्या कानशिलावर मोडली. “सुटलास बघ, संस्थानिक,” म्हणाली आणि आत गेली.

ती बराच वेळ बाहेर आली नाही. मी बाकड्यावर बसून सुजाताला काय सांगायचं, बोलणी कधी धरायची, असले विचार करत होतो. दार उघडलं तेव्हा ताईच्या हातात कागद होते आणि डॉक्टर तिच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या होत्या. मग मला समजलं. ताईनं कागद पिशवीत घातले आणि म्हणाली, “चल, दशम्या खाऊ. भूक लागलीय.”

परतीच्या प्रवासात ती खिडकीशी बसली होती. खंबाटकीचा घाट लागला तशी बोलायला लागली. “दरसाल आतड्याची दुर्बिणीनं तपासणी करायची. काही उगवायला लागलं असेल तर तिथल्या तिथं काढून टाकतात म्हणे. पिशवीवर लक्ष ठेवायचं, पुढं काढून टाकली तर बरं. वेळेवर बघितलं तर काही होत नाही, म्हणाल्या. हौसाआत्याचं कुणी बघितलंच नव्हतं.”

“ताई...”

“मला माझं काही नाही रे.” ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. “माझ्या तेजूचं नाणं कुणी उडवायचं?”

मग मात्र ती रडली. पदर तोंडात धरून, घाट उतरेपर्यंत. ताईला मी त्याआधी रडताना बघितलं नव्हतं, दादा गेले तेव्हासुद्धा नाही. मी तिचा हात धरला. तिच्या तळहाताला चाकाच्या मुठीचे घट्टे होते, ते मला तेव्हा पहिल्यांदा हाताला लागले. साताऱ्याला गाडी थांबली तेव्हा तिनं तोंड धुतलं, चहा घेतला आणि म्हणाली, “आईला मी सांगेन. तू मध्ये बोलू नकोस.”

कऱ्हाडला उतरलो तेव्हा उन्हं कलली होती. आई पडवीच्या पायरीवर बसली होती. आम्हाला बघून ती उभी राहिली नाही. तिनं विचारलं, “बापूचं काय?”

“बापू सुटला,” ताई म्हणाली. “काही नाही त्याच्यात.”

आईनं तिथल्या तिथं पायरीवर डोकं टेकलं. मग उठून आत गेली, देवापुढची साखर आणली, माझ्या तोंडात घातली, माझं तोंड दोन्ही हातांत धरून हसायला आणि रडायला लागली. फडताळातली बाटली काढून माझ्यावरून ओवाळली. तात्या आतून काठी टेकत आले आणि माझी पाठ थोपटत राहिले. “पिसाळांचं खातं उघाडलं,” म्हणत होते. पन्नाशीचं म्हणायचं होतं त्यांना.

ताई तोवर हौदाशी जाऊन बसली होती. पदर खोचून तिनं रिकाम्या बाटल्या पाण्यात टाकल्या होत्या आणि ब्रश फिरवायला लागली होती. तिला कुणी काही विचारलं नव्हतं. आईच्या मुठीत साखर उरली होती. मला राहवेना. बोलू नकोस म्हणाली होती तरी मी म्हणालो, “आई, ताईचं विचार की.”

“तिला काय व्हायाचंय?” आई हसत हसतच म्हणाली. “पोरीच्या जातीला...”

आणि तिथंच थांबली. तिला तो क्रेट आठवला असावा. तिनं हौदाकडं बघितलं.

ताईनं बाटली खळबळवली, पाणी ओतलं, आणि मान वर न करता म्हणाली, “माझ्यात आहे, आई.”

आईच्या मुठीतली साखर खाली सांडली. ती वळली आणि घरात गेली. रडायला गेली असं आम्हाला वाटलं. तात्या काठीवर हनुवटी टेकून बसून राहिले. ताईचा ब्रश थांबला नाही. थोड्या वेळानं आतून स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला. मग दूध तापल्याचा वास आला.

त्या गोष्टीला आता वीस-बावीस वर्षं झाली. तात्या नंतर फार काळ राहिले नाहीत. ताईची पिशवी काढली. तिच्या आतड्यात दोनदा बारीक कोंब सापडले आणि दोन्ही वेळा तिथल्या तिथं निघाले. दरसाल मीच तिच्याबरोबर जातो. आदल्या दिवशी पोट साफ करायचं ते औषधी पाणी पिताना ती अजूनही मला शिव्या घालते, आणि तपासणीनंतर गुंगी उतरली की पहिला प्रश्न विचारते, “क्रेट गेले का पाटणला?” तेजू मोठी झाल्यावर तिनं आपण होऊन रक्त दिलं. काय आलं ते तिचं तिच्यापाशी. गोटी सोड्याला पुन्हा बरे दिवस आलेत, लग्नाच्या मांडवात लोक हौसेनं ठेवतात. सुजाता हिशेब बघते, ताई यंत्र बघते. परवा ताईचे केस धुतल्यावर उन्हात बघितले, निम्मेअर्धे पांढरे झालेत. पन्नाशी ओलांडली तिनं. आई असती तर तिनं ते केस हातात घेऊन बघितले असते.

पण मला आठवते ती ती संध्याकाळ. आई बाहेर आली तेव्हा तिच्या हातात काशाची वाटी होती. सवयीनं मी ओट्यावर जरा सरकून बसलो. आई माझ्यासमोरून गेली. हौदाशी गेली, तिथल्या ओल्या फरशीवर लुगड्यासकट खाली बसली आणि ताईपुढं वाटी धरली.

“खा, बाई.”

ताईनं वाटीकडं बघितलं. “मला नाही आवडत साय.”

“तुला काय ठावं, आवडती का न्हाई,” आई म्हणाली. तिनं वाटी आणखी पुढं केली. “मी दिली हुती का कवा?”

ताईनं ओले हात पदराला पुसले. वाटी घेतली. दोन बोटांनी साय उचलून तोंडात घातली आणि डोळे मिटले. आई तिच्यासमोर बसून राहिली, माझ्यासमोर बसायची तशीच, संपेपर्यंत. ताईनं वाटी अगदी बोटानं निपटून खाल्ली. मग बोट चाटत माझ्याकडं बघितलं. डोळे भरलेले होते, पण चेहऱ्यावर जुनी खोडी होती.

“काय बघताय, संस्थानिक?” ती म्हणाली. “तुम्हाला आता म्हातारं व्हायचंय. उठा, क्रेट उचला.”

मी आईकडं बघितलं. ती नको म्हणेल असं वाटलं होतं. ती ताईच्या कपाळावरचे ओले केस मागं सारत होती, तिनं माझ्याकडं बघितलंही नाही.

मी उठलो. दाराशी भरलेला क्रेट होता, तो दोन्ही हातांनी धरला आणि उचलला. इतका जड असेल असं मला वाटलं नव्हतं.